अजब बंगल्याचे दप्तर

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला सामान्य जनतेने दिलेले नाव ‘अजब बंगला’ असे आहे. ते त्याचे सरकारी नाव नव्हे. लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. पेंढा भरलेले पशुपक्षी, गोंडांचे दागिने, भोसलेकालीन शस्त्रे, दगडी मूर्ती, तांब्याचे पत्रे आणि चित्रे एकाच छपराखाली पाहून खेड्यातून आलेला मनुष्य चकित होई व घरी जाऊन ‘अजब’ एवढेच सांगे. आमच्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांनी मुलाबाळांना घेऊन सिव्हिल लाइन्समधील ही वास्तू केव्हा ना केव्हा पाहिली असेलच. परंतु या वस्तू तेथे आल्या कशा, त्या कोणी दिल्या, कोणी निवडल्या, आणि ज्या तेथे यावयास हव्या होत्या त्या कोठे गेल्या, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. राजाचा खजिना राजाच्या इच्छेने भरतो. जनतेचा संग्रह कशाने भरतो? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. कारण त्याचे उत्तर आपल्या चर्चच्या साक्रिस्तीतील कपाटापर्यंत येऊन पोहोचणारे आहे.

या संग्रहालयाच्या जन्माआधी नागपुरात एक मोठा संग्रह मोडला गेला होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ साली राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल आणि जडजवाहीर यांचा लिलाव झाला. बाकाबाईसाहेबांनी व राजघराण्यातील इतर स्त्रियांनी केलेला विरोध व्यर्थ ठरला. जवाहिरांचा काही भाग विक्रीसाठी थेट कलकत्त्याला गेला. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली संपत्ती काही दिवसांत अनेक हातांत विखुरली.

पुढे १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. सर रिचर्ड टेंपल हे १८६२ मध्ये येथे मुख्य आयुक्त म्हणून आले, व त्यांच्या पुढाकाराने १८६३ साली संग्रहालय स्थापन झाले. लिलाव करणारी सत्ता आणि संग्रहालय उभारणारी सत्ता एकच होती, ही गोष्ट इतिहास लिहिताना झाकता येत नाही. नव्याने ताब्यात आलेल्या प्रदेशात कोणते खनिज आहे, कोणते लाकूड आहे, कोणते लोक राहतात, हे जाणून घेण्याची राज्यकर्त्यांना गरज होती. डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कलाकौशल्य, कारागिरी व उत्पादने यांचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यामागेही हीच दृष्टी होती. तरीही हेतू काहीही असो, एक नवी गोष्ट घडली. राजवाड्याच्या बंद दालनाऐवजी कोणालाही आत जाता येईल असे दार उघडले गेले.

या आरंभकाळाशी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव जोडलेले आहे. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. परंतु विदर्भाच्या विद्येवर त्यांचे ऋण इतके आहे की, ते मान्य करताना कोणत्याही पंथाच्या माणसाने संकोच करू नये. १८४५ साली ते नागपूरला आले. शाळा चालवीत, प्रवचने करीत, आणि वाटेत भेटलेला दगड उचलून पाहिल्याशिवाय पुढे जात नसत. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील भूस्तर व जीवाश्म यांचा अभ्यास केला आणि तो लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञाने केले. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मांगलीची कवटी अभ्यासासाठी लंडनला गेली, कारण तिला ठेवून घेणारे घर त्या वेळी नागपुरात नव्हतेच. गावात संग्रहालय नसले की गावाचा इतिहास परगावी राहावयास जातो.

हिस्लॉप यांचा अंतही याच शोधात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. सायंकाळी बोरीकडे परतताना ओढ्याला पूर आलेला होता, आणि त्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे मात्र वाहून गेली नाहीत. टेंपल यांनी ती एकत्र करून, संपादून, १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांत गोंडांची लिंगोची गाथाही आहे. दगड, हाडे यांच्याबरोबर एका समाजाची मौखिक गाणीदेखील जतन करण्याजोगी असतात, ही जाणीव त्या काळात दुर्मीळ होती. आणखी एक शतक लोटल्यावर, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाने प्राध्यापक शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच टाकळघाट-खापा परिसरात शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि लोहयुगातील त्या वस्तीचा इतिहास उलगडला. एकाने मागे ठेवलेली नोंद दुसऱ्याच्या हाती कशी पडते, याचे हे उदाहरण आहे.

संग्रहालय स्थापन झाले तरी वस्तू आपोआप चालत येत नाहीत. त्या येण्याचे मार्ग चार-पाचच असतात : कोणी दान देतो, संस्था विकत घेते, जमिनीत सापडलेले धन कायद्याने येते, उत्खननातून मिळते, किंवा एका सरकारी कार्यालयातून दुसऱ्याकडे वर्ग होते. नागपूरच्या संग्रहाच्या इतिहासात भूमीने दिलेल्या वस्तूंना मोठे स्थान आहे, म्हणून त्यांच्याकडे आधी पाहू.

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून तांब्याचा एक तुकडा वर आलेला दिसला. उकरू लागल्यावर खाली रचून ठेवलेला साठा निघाला. तांब्याची हत्यारे ४२४; त्यांचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. काही गोल, तर काही बैलाच्या शिंगधारी मुखाच्या आकाराचे. भारतात एकाच ठिकाणी सापडलेल्या ताम्रयुगीन वस्तूंच्या साठ्यांत याची गणना फार वरची आहे. पण हा साठा आज एकत्र पाहावयास मिळत नाही. त्याची वाटणी झाली. काही वस्तू नागपूरला राहिल्या, काही इतर संग्रहालयांत गेल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. मांगलीच्या कवटीच्या वेळी नागपुरात संग्रहालय नव्हते. गुंगेरियाच्या वेळी ते होते, तरीही सर्व काही येथे राहिले नाही. घर असणे पुरेसे नसते. घरच्यांचा शब्दही चालावा लागतो.

अशा सापडलेल्या धनाविषयी १८७८ साली निखात निधीचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळवणे सक्तीचे झाले. मूळ मालक पुढे आला नाही आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा व उरलेला जमीनमालकाचा, अशी वाटणी ठरली. सरकारला ते धन स्वतःसाठी घ्यावयाचे असेल, तर धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागे. कायदा करणाऱ्यांनी मनुष्यस्वभाव ओळखला होता. हंडा सापडला की शेतकऱ्याचे पाय प्रथम सोनाराकडे वळतात, आणि मुशीत वितळलेले नाणे पुन्हा कोणताही राजा दाखवू शकत नाही. सोनाराहून थोडे अधिक देऊन ते वाचवावे, हा त्यातील विचार. १९३९ साली तत्कालीन अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा गावी सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा निघाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावेही उजेडात आली. ती नाणी भांडी-कासाराच्या भट्टीत गेली असती, तर ते राजे इतिहासातूनच नाहीसे झाले असते.

अलीकडचे उदाहरण रामटेकजवळच्या हमलापुरी येथील आहे. तेथे सापडलेल्या कांस्य बुद्धमूर्तीमुळे वाकाटककालीन विदर्भात धातुमूर्ती घडवण्याची कला किती पुढे गेली होती याचा पुरावा मिळाला, आणि ही मूर्ती नागपूरच्याच संग्रहालयात राहिली. उलट, रामटेकच्याच परिसरातील मनसर येथे १९७२ साली मिळालेली शिवाची अप्रतिम बैठी प्रतिमा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेथे तिला देशविदेशांतील प्रेक्षक पाहतात, हे खरे. पण मनसरच्या शाळेतील मुलास आपल्या टेकडीतून निघालेले शिल्प पाहण्यासाठी हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, हेही तितकेच खरे. कोणत्या वस्तूने गावाजवळ राहावे आणि कोणती राष्ट्राची म्हणून राजधानीत जावी, या वादाला सोपे उत्तर नाही. प्रत्येक संग्रहालयाच्या इतिहासात हा ताण असतोच.

येथे आम्हांस ‘दप्तर’ या शब्दाकडे यावयाचे आहे. संग्रहालयात आलेली वस्तू प्रथम काचेच्या कपाटात जात नाही. ती नोंदवहीत जाते. तिला क्रमांक मिळतो. ती कोणत्या तारखेस आली, कशाची बनलेली आहे, तिची लांबी-रुंदी किती, कोठे सापडली, कोणी दिली, किंमत दिली असल्यास किती, आणि येताना ती कोठे भंगलेली होती, हे सारे लिहिले जाते. तोच क्रमांक नाजूक हाताने वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूवर घातला जातो. त्या क्षणापासून ती वस्तू कोणा अधिकाऱ्याची राहत नाही, जनतेची होते. कारण ती हरवली तर विचारणा करता येते. नोंद नसलेली वस्तू संग्रहालयात असूनही अनाथ असते.

याचा प्रत्यय याच संग्रहातील एका शिलालेखावरून येतो. परमार राजा नरवर्मा याच्या काळातील, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा, हा संस्कृत लेख ‘नागपूर संग्रहालय प्रशस्ती’ या नावानेच विद्वानांत ओळखला जातो. कीलहॉर्न यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. माळव्याच्या राजांची वंशावळ त्यात आहे, काव्य आहे, पराक्रमांची वर्णने आहेत. पण तो दगड मुळात कोणत्या स्थळीचा, याविषयी अभ्यासकांना तर्कच करीत बसावे लागले. नऊ शतकांपूर्वीच्या कवीने आपल्या राजाविषयी सर्व सांगितले. दगड उचलून आणणाऱ्याने दोन ओळी लिहून ठेवल्या नाहीत. म्हणून त्या लेखाला त्याच्या गावाचे नाव मिळण्याऐवजी संग्रहालयाचे नाव मिळाले.

सुदैवाने या प्रदेशाला नोंदी करणारी माणसेही लाभली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील शिलालेख व ताम्रपटांची वर्णनात्मक यादी १९१६ साली सिद्ध केली. मिराशींनी नागपुरात संस्कृत शिकवता शिकवता कलचुरी आणि वाकाटक यांचे लेख दोन भारदस्त ग्रंथांत संपादून दिले. पहिला १९५५ साली, दुसरा १९६३ साली प्रसिद्ध झाला. संग्रह घडतो तो अशा वाचकांमुळे. ताम्रपट पेटीत पडून राहिला तर ते तांबे. वाचला गेला तर ते एका गावाचे दानपत्र.

सीमा बदलल्या की संग्रहाचा अर्थही बदलतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नागपूर एका विस्तीर्ण प्रांताची राजधानी राहिले नाही. ज्या प्रांताचे हे संग्रहालय, त्याचा मोठा भाग आज मध्य प्रदेशात आणि २००० सालापासून छत्तीसगडात आहे. गुंगेरिया आता दुसऱ्या राज्यात आहे. त्यामुळे अजब बंगल्याच्या दालनांतून फिरताना आपण आजच्या नकाशापेक्षा मोठ्या, मोडून गेलेल्या एका प्रांतातून फिरत असतो. पुढे भर पडत गेली ती प्रामुख्याने विदर्भाच्या भूमीतून. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी पवनी येथे मिळून केलेल्या उत्खननाने प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणले, आणि विदर्भाच्या इतिहासाला नवे प्रकरण जोडले गेले.

येथवर आपण भूमीने दिलेल्या वस्तू पाहिल्या. चित्रे जमिनीतून निघत नाहीत. ती कोणाच्या तरी भिंतीवरून उतरावी लागतात. म्हणूनच चित्रसंग्रह घडण्यात दात्याला विशेष स्थान असते. महाराष्ट्रातील इतर संग्रह पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा आरंभीचा पाया शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्या १९१५ साली विकत घेतलेल्या संग्रहाने घातला; पुढे सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांनी तो भक्कम झाला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या चित्रांसाठी व शिल्पांसाठी १९३८ साली संग्रहालय उघडले. पुण्याचे दिनकर केळकर हे राजे नव्हते, टाटाही नव्हते. चष्म्यांचा व्यवसाय करणारे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ होते. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच वारला. अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी असे घरोघरचे सामान त्यांनी पत्नीच्या साथीने सुमारे १९२० पासून गोळा केले आणि १९७५ साली सारा संग्रह मुलाच्या नावासह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्यांच्याजवळ अपार होते त्यांनी दिले, आणि ज्यांच्याजवळ थोडे होते त्यांनीही दिले.

आपल्या ख्रिस्ती समाजालाही यातून काही घ्यावयाचे आहे. गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) हे शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली आहे, त्यांचे संत आपल्या अंगणातले वाटतात. त्यांच्या हयातीत ही चित्रे सर्वांना रुचली नाहीत. ख्रिस्ती लोकांतूनच टीका झाली. त्यांच्या पत्नीने ती अनेक वर्षे सांभाळली व पुढे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवली. त्या माउलीने ती ओझे समजून टाकून दिली असती, तर भारतीय ख्रिस्ती कलेचे एक दालन रिकामे राहिले असते.

गोव्यातीलच ख्रिस्ती कला संग्रहालयाचा इतिहास आणखी बोलका आहे. १९९४ साली ते राशोल येथील सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वास्तूत हलवले गेले. तेथील हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपासनापात्रे, भरजरी उपासनावस्त्रे ही चर्चमधून व कुटुंबांकडून आलेली आहेत. जानेवारी २०१२ मध्ये तेथे चोरीच्या हेतूने शिरलेल्यांनी पहारेकऱ्याचा जीव घेतला. सार्वजनिक संग्रह सांभाळणे हे केवळ धूळ झटकण्याचे काम नव्हे, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, अशी काळजी घेण्यास बिशपांना सांगितले. ८ डिसेंबर १९९९ रोजी चर्चच्या सांस्कृतिक वारशासाठी नेमलेल्या परमधर्मपीठीय आयोगाने एक पत्र काढले. त्याचा विषय नोंद व यादी हाच होता. म्हणजे अजब बंगल्याचे दप्तर जे सांगते, तेच ख्रिस्तसभाही सांगते : आधी लिहून ठेवा.

कामठीची छावणी १८२१ ची, नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, महाधर्मप्रांत १९५३ चा. या काळात आलेली पात्रे, मेणबत्तीची दाने, हाताने शिवलेली उपासनावस्त्रे, जुन्या घंटा, बाजाची पेटी, पहिल्या ख्रिस्तशरीरस्वीकाराची छायाचित्रे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आपल्या कपाटांत आहेत. नवी वेदी बांधताना जुनीचे लाकूड सुताराकडे जाते, पितळ मोडीत जाते, आणि नोंदवहीला वाळवी लागते. प्रत्येक वस्तू संग्रहालयातच जावी असे आमचे म्हणणे नाही. जी वस्तू उपासनेत आहे ती उपासनेतच शोभते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंबाबत १९७२ चा पुरावशेष कायदाही आहे. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी त्यानुसार आवश्यक असते, आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत, हे धर्मग्राम समितीने जाणून घ्यावे.

परंतु एक साधी वही कोणत्याही धर्मग्रामाला परवडेल. वस्तूचे नाव, माप, ती कशाची आहे, कोणत्या साली आली, कोणत्या कुटुंबाने कोणाच्या स्मरणार्थ दिली, आज तिची अवस्था काय, आणि शक्य असेल तर एक छायाचित्र. वही दोन प्रतींत असावी. एक धर्मग्रामात, दुसरी बिशपांच्या कार्यालयात. गावातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर हे काम झाले पाहिजे. कारण घंटा कोणी दिली हे घंटेवर कोरलेले नसेल, तर ते केवळ त्यांच्या आठवणीत असते. सुट्टीत घरी आलेली महाविद्यालयीन मुले त्यांच्याजवळ बसून हे लिहून घेऊ शकतील. आणि वही हाती घेण्यापूर्वी त्या मुलांना एकदा अजब बंगल्यात न्यावे व कपाटांतील वस्तूंबरोबरच त्यांच्याखालील लहान चिठ्ठ्याही वाचावयास सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.